डोक्याला शॅम्पू आणि गॅस गिझर बंद! तो मध्येच का विझतो, आणि कधी त्याचं ऐकायला हवं?

मंडळी, हा प्रसंग तुमच्याकडेही घडला असेल. थंडीची सकाळ, डोक्यावर शॅम्पूचा फेस, आणि नळातून अचानक बर्फासारखं पाणी. मग बाथरूममधून आरोळी, "गॅस संपला का गं?" स्वयंपाकघरातून उत्तर, "नाही, इकडे शेगडी चालू आहे!" कुणीतरी गिझरवर दोन टपल्या मारतं, तो 'तड तड तड' करतो, पेटतो, आणि पाच मिनिटांनी परत विझतो.

बहुतेक वेळा कारण अगदी फुटकळ असतं. सेल उतरलेले असतात, शॉवर तुंबलेला असतो किंवा टाकीत पाणी कमी असतं. पण एक प्रकार असा आहे की त्यात गिझर बिघडलेला नसतो. तो तुमचा जीव वाचवण्यासाठी बंद पडत असतो. या दोन्हींतला फरक कसा ओळखायचा, हे आज बघू.

आधी तो पेटतो कसा?

गिझरचं पोट एकदा समजलं की निम्मी दुरुस्ती घरीच होते.

नळ उघडला की गिझरमधून पाणी वाहायला लागतं. आत रबराचा एक पातळ पडदा असतो. वाहत्या पाण्याच्या जोराने तो सरकतो आणि एक छोटी कळ दाबतो. कळ दाबली गेली की खालच्या डबीतल्या दोन मोठ्या सेलवर चालणारं सर्किट जागं होतं. ते ठिणगी पाडतं आणि त्याच वेळी गॅसची विजेवर चालणारी झडप उघडतं. बर्नर पेटतो. ज्योतीपाशी धातूची एक काडी असते, ती सेन्सर. 'ज्योत आहे' असा निरोप तिच्याकडून आला तरच झडप उघडी राहते. काही सेकंदांत निरोप आला नाही तर गॅस बंद. नळ बंद केला की पाणी थांबतं, पडदा मागे येतो आणि सगळं विझतं.

म्हणजे गिझर चालू राहायला पाण्याचा जोर, सेलमधली वीज, गॅसचा दाब आणि हवा या चारही गोष्टी एकाच वेळी लागतात. त्यातली एक जरी घसरली तरी तो विझतो. आणि कोणती घसरली हे बहुतेक वेळा तो किती वेळाने विझला यावरून कळतं. मेकॅनिकला फोन करण्याआधी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून एवढं एकदा बघाच.

पेटतच नाही, किंवा पेटून लगेच विझतो

इथे पहिला संशयित म्हणजे सेल. टॉर्चला लागतात तसे दीड व्होल्टचे दोन मोठे सेल, मिळून तीन व्होल्ट. लोक म्हणतात, "सेल ठीक आहेत, ठिणगी पडतेय की!" पण ठिणगी पाडणं आणि झडप उघडी धरून ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अर्धवट उतरलेले सेल ठिणगी पाडतात, पण झडप धरून ठेवताना दम सोडतात. त्यामुळे दोन्ही सेल एकदमच बदला, एक जुना आणि एक नवा असं करू नका. रिचार्जेबल सेल घालायचा मोह आवरा. ते १.२ व्होल्टचे असतात, दोन मिळून २.४ व्होल्ट होतात आणि कित्येक गिझरना तेवढं पुरत नाही. डबीच्या पट्ट्यांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं काही जमलं असेल तर ते कोरड्या फडक्याने पुसून घ्या. बाथरूमच्या दमटपणाने हे हमखास होतं.

सेल नवे, ठिणगी जोरदार, ज्योतही छान पेटते, पण पाच-सात सेकंदांत जाते? मग सेन्सरच्या काडीवर काजळी बसलेली असण्याची शक्यता मोठी. ज्योत आहे, पण तिचा निरोप पोचत नाही. काडी साफ करणं हे पाच मिनिटांचं काम आहे. पण त्यासाठी गिझरचं तोंड उघडावं लागतं, म्हणून ते मेकॅनिककडूनच करून घ्या.

एक काळजी मात्र घ्या. 'तड तड' होऊनही पेटला नाही तर नळ सारखा उघड-बंद करत बसू नका. दर वेळी थोडा गॅस बाहेर पडतो आणि मग एकदम 'भप्प' करून पेट घेतो. कित्येकांच्या भुवया अशाच जळल्या आहेत. नळ बंद करा, खिडकी उघडा, चार-पाच मिनिटं जाऊ द्या. तरीही गॅसचा वास येत असेल तर सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. गळतीची तक्रार करायला १९०६ हा नंबर देशभर चालतो.

शॉवरला विझतो, बादलीला चालतो

हा सर्वात सामान्य आणि सर्वात जास्त चुकीची दुरुस्ती होणारा प्रकार.

आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांमध्ये पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरतं. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. गिझरच्या पडद्याला हलायला किमान ०.२ ते ०.२५ बार लागतो, काही मॉडेलना आणखी जास्त. आता सर्वात वरच्या मजल्याचा हिशेब करा. टाकीचा तळ आणि तुमचा गिझर यांत जेमतेम अडीच-तीन मीटरचं अंतर, म्हणजे फार तर ०.३ बार. काठावर पास! त्यात शॉवर आणखी उंचावर, त्याच्या भोकांत बोअरच्या पाण्याचे क्षार, आणि टाकी अर्धी रिकामी. खालच्या मजल्यावर तोच गिझर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतो, आणि वरच्या मजल्यावर तो 'खराब निघतो'.

याची तपासणी अगदी सोपी आहे. शॉवर बंद करा आणि बादलीचा नळ पूर्ण उघडा. गिझर व्यवस्थित चालला तर गिझर निर्दोष आहे. शॉवरची चाळणी काढा, रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. आमच्या ओळखीच्या एका घरी आधी सर्किट बदललं, मग झडप बदलली, आणि शेवटी कळलं की सगळं पाप त्या शॉवरच्या चाळणीचं होतं. तेवढ्या पैशांत नवे चार शॉवर आले असते.

बादलीलाही विझत असेल तर गिझरमध्ये पाणी शिरतं तिथे एक छोटी जाळी असते, ती बघा. टाकी धुतल्यानंतर किंवा पाइपलाइनचं काम झाल्यानंतर त्या जाळीत हमखास गाळ अडकतो. गिझरचा पाण्याचा कॉक बंद करून जाळी काढायची, धुवायची, परत बसवायची.

आणि हे वाचताना कित्येकांचा प्रश्न सुटेल: मिक्सर नळ. पाणी फार गरम आलं की आपण काय करतो? थंड पाण्याची बाजू उघडतो. पण तोंड एकच असल्यामुळे थंड पाणी जोरात आलं की गरम पाण्याची धार मागे रेटली जाते. गिझरमधून जाणारं पाणी कमी होतं, पडदा मागे सरकतो आणि ज्योत विझते. मग पाणी थंडगार होतं, आपण थंड नळ बंद करतो, गिझर परत पेटतो, आता पाणी चटका देतं. हा खेळ आंघोळ संपेपर्यंत चालतो! उपाय असा की थंड पाणी मिसळण्याऐवजी गिझरचंच गॅसचं बटण कमी करा आणि पाण्याचं बटण वाढवा. बहुतेक गिझरवर उन्हाळा-हिवाळा असं तिसरं बटणही असतं. उन्हाळा केला की बर्नरचा काही भागच पेटतो. पुण्यात एप्रिलमध्ये गिझर हिवाळ्यावर ठेवून वर थंड पाणी मिसळणारी घरं कमी नाहीत.

शेगडी चालते, मग गिझरला गॅस का पुरत नाही?

कारण गिझरची भूक शेगडीच्या कितीतरी पट आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर साधारण साडेदहा किलोवॉट उष्णता पाण्यात जायला हवी. थोडी वाया जाते ती धरली तर बर्नरला बारा किलोवॉटच्या आसपास लागते. शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॉटचा असतो. म्हणजे पाच मोठे बर्नर एकदम फुल करण्यासारखं हे झालं.

सिलेंडरमधला द्रव गॅस उकळून वायू होतो तेव्हाच तो नळीत येतो, आणि उकळायला त्याला आसपासची उष्णता लागते. थंडीच्या पहाटे सिलेंडर आधीच गार, त्यात द्रव थोडाच उरलेला, आणि गिझर तासाला जवळजवळ एक किलोच्या वेगाने गॅस ओढतोय. सिलेंडर आणखी गार पडतो, अंगावर दव धरतो आणि दाब घसरतो. शेगडीला तेवढा दाब पुरतो, गिझरला पुरत नाही. म्हणूनच सिलेंडर संपत आल्याची पहिली खबर गिझर देतो. अशा वेळी सिलेंडर गरम पाण्यात उभा करणं किंवा आडवा करणं असले प्रकार कुणी सुचवले तरी अजिबात करू नका.

लांबलचक नळी, शेगडीच्याच नळीला मध्येच जोडलेला फाटा, दबलेला पाइप, यांनीही हेच होतं. घरात पाइप गॅस नव्याने आला असेल तर आणखी एक मुद्दा आहे. एलपीजीचा गिझर तसाच पाइप गॅसला जोडता येत नाही. दोन्ही गॅसचा दाब आणि लागणारी हवा वेगळी असते, त्यामुळे आतले जेट बदलावे लागतात.

वीस मिनिटांनी बंद होतो

बरोबर वीस मिनिटांनी? दर वेळी? अभिनंदन, तुमचा गिझर उत्तम चालू आहे. बऱ्याच मॉडेलमध्ये सलग वीस मिनिटं जळल्यावर आपोआप बंद होण्याची सोय मुद्दाम दिलेली असते. नळ बंद करून उघडला की तो परत पेटतो.

इथपर्यंतचं सगळं गैरसोयीचं होतं. आता खरा मुद्दा.

काही मिनिटांनी विझतो, आणि दार उघडलं की नीट चालतो

तुमचा गिझर बाथरूमच्या आत आहे, आणि दार बंद असताना सात-आठ किंवा दहा-बारा मिनिटांनी तो विझतोय. दार-खिडकी सताड उघडली की मात्र सुरळीत चालतोय. तर मंडळी, इथे सेल बदलू नका. त्या बाथरूममध्ये हवा संपते आहे.

ही अतिशयोक्ती नाही, हिशेब करून बघा. सहा लिटरचा गिझर वीस मिनिटांत साधारण ३०० ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे वीस मिनिटांत लागली पाच किलो हवा, जवळजवळ चार घनमीटर. आपल्या फ्लॅटमधलं चार फूट बाय सात फुटांचं, नऊ फूट उंच बाथरूम म्हणजे सगळं मिळून सात घनमीटर. निम्म्याहून जास्त हवा त्या ज्योतीतून जाते, आणि उरलेल्या हवेत तुम्ही श्वास घेत असता.

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. एलपीजीला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो ज्योतीत जळून जातो. त्यामुळे "वास आला नाही म्हणजे सगळं ठीक" हा समज इथे जीवघेणा ठरतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पायांतलं बळ जातं. कडी काढायला हवी हे कळतं, पण हात उचलत नाही. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे असे इतके रुग्ण आले की त्यांच्या लिखाणात याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असं नावच पडलं. आंघोळ करताना फिट आली म्हणून आणलेला माणूस, आणि खरं कारण भिंतीवर टांगलेलं.

गिझरमधल्या सुरक्षा यंत्रणा इथे अर्धवटच मदत करतात. काही मॉडेलमध्ये ऑक्सिजन कमी झाला की बंद होणारा सेन्सर असतो. नसला तरी हवेविना ज्योत पिवळी पडते, डगमगते आणि ज्योतीचा सेन्सर तिला विझवतो. पण विझण्याच्या आधीची काही मिनिटं ती विषारी वायू सोडत असू शकते. वीस मिनिटांचा टायमर तर ज्योतीची मिनिटं मोजतो, खोलीतल्या हवेची नाही. बाबांनी बारा मिनिटं आंघोळ केली, लगेच ताई गेली, मग धाकटा गेला. प्रत्येक वेळी टायमर शून्यापासून सुरू झाला, पण हवा कुणी बदलली? म्हणून दिवाळीच्या पहाटे किंवा रंगपंचमीच्या दुपारी, जेव्हा एकामागून एक आंघोळी होतात आणि रंग काढायला प्रत्येकाला जास्त वेळ लागतो, तेव्हा शेवटी जाणाऱ्याला धोका सर्वात जास्त असतो.

वारंवार बंद पडणाऱ्या गिझरवर "साहेब, सेन्सर बायपास करून देतो, परत बंद नाही पडणार" असं म्हणणारे महाभाग भेटतात. त्या मेकॅनिकला चहासुद्धा पाजू नका.

यावर उपाय एकच, गिझर बाथरूमबाहेर. ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या डक्टच्या बाजूला लावायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप घ्यायचा. खर्च येतो, पण तो एकदाच. भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी याच मुद्द्यावर भांडा, रंगावर नाही. आधीच बाहेर लावलेला असेल तरी एकदा जाऊन बघा. गिझर लावला तेव्हा बाल्कनी उघडी होती, नंतर धूळ आणि कबुतरांमुळे तिला अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या, असं कित्येक घरांत झालंय. ती बाल्कनीही आता बंद खोलीच आहे.

तोपर्यंत काय? गिझर दार-खिडकी उघडी ठेवून चालवा, बादली भरून घ्या, गिझर बंद करा, थोडा वेळ हवा जाऊ द्या आणि मग आत जाऊन आंघोळ करा. आजीच्या काळी बंबाचं पाणी असंच नेत होतो. थंडी वाजते म्हणून व्हेंटिलेटरच्या काचांवर पुठ्ठा किंवा थर्माकोल लावला असेल तर आजच काढा. एग्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आत येणाऱ्या हवेला वाटच नसेल तर तो फक्त घरघरतो. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना आतून कडी लावू देऊ नका.

कुणी आत बेशुद्ध सापडलं तर आधी दार-खिडक्या उघडा, गिझर बंद करा, स्वतः तिथे रेंगाळू नका, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगवणं, लिंबूपाणी पाजणं यात वेळ घालवू नका. दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा, "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता." डॉक्टरांना त्यावरून पुढची रक्ततपासणी आणि ऑक्सिजन ठरवता येतो. आणि कोरोनाच्या काळात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर लावून "९८ आहे, काही नाही झालं" असं म्हणू नका. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतं आणि छान आकडा दाखवतं. माणूस शुद्धीवर आला आणि बरं वाटतंय म्हणाला तरी दाखवायला न्याच.

ज्योतीचा रंग

गिझरला पुढे एक छोटी खिडकी असते. त्यातून ज्योत निळी आणि स्थिर दिसायला हवी. पिवळी, लालसर, लांब जिभेसारखी दिसत असेल, किंवा गिझरच्या वरच्या बाजूला भिंत काळी पडली असेल, तर बर्नरमध्ये धूळ, कोळ्याची जाळी किंवा काजळी आहे. असा गिझर अजून विझत नसला तरी बंद ठेवा आणि साफ करून घ्या. पावसाळा संपल्यावर, थंडी सुरू होण्याच्या आधी, वर्षातून एकदा ही सफाई करून घेतली की पुरते. जिथे पाणी जड आहे तिथे त्याच वेळी आतल्या तांब्याच्या नळीतले क्षारही काढायला सांगा. ती नळी चोंदली की पाणी कमी वाहतं, जास्त तापतं, आणि जास्त तापमानाला बंद करणारा थर्मोस्टॅट गिझर विझवतो. पाणी उकळत्यासारखं आलं आणि मग गिझर बंद पडला, तर हेच समजा.

मेकॅनिक आला की त्याला "चालत नाही" एवढंच सांगू नका. किती मिनिटांनी विझतो, शॉवरला की बादलीला, दार बंद असताना की उघडं असतानाही, ज्योत कोणत्या रंगाची, सेल कधी बदलले, ही पाच उत्तरं द्या. नवीन घेत असाल तर आयएसआय मार्क बघून घ्या, घरगुती एलपीजी गिझरसाठीचं भारतीय मानक आयएस १५५५८ हे आहे. आणि दुकानदाराने विचारलं की, "बसवायचा कुठे?" तर उत्तर 'बाथरूममध्ये' असं देऊ नका.